इहीनबाईचा फोन बंद होत नाई

सांगूनच टाकतो बाप्पा, अन्नपूर्णाबाईबद्दल माह्या तोंडून गोड निघत नसते. ती माही इहीन. माही एकुलती एक लेक सुरभी तिच्या सचिनले देल्ली हाय, वर्ध्याले लागून पिपरी मेघे हाय न, तिथं. बाईत खोट काय हाय असं कोणी विचारलं तं मले एकई सांगता येत नाई, अन् हेच तं माह्या पोटात दुखते. खोट असती तं चार बायांत बोलून मोकळी झाली असती मी.

बाई ऑटो चालवते. पंचावन्न वर्साची बाई, साधं पातळ, त्यावर नवऱ्याचा जुना खाकी सदरा, अन् हातात ऑटो. सोयरीक जुळून राह्यली होती तवा मीच नाक मुरडलं होतं. सुरभीच्या बाबाले म्हटलं, "आपण वावरवाले लोक. आपल्या वांग्याले, हिरव्या सांभाराले सेलूच्या बजारात नाव हाय. अन् पोरीची सासू ऑटोवाली?" सुरभीचे बाबा म्हणजे चंद्रभान, माहे मालक. ते म्हणे, "पोरगा कंपनीत हाय, दारूले शिवत नाई, सासू कोणाच्या भरोशावर नाई. तुले अजून काय पाह्यजे वं, नले?" मी सोयरीक होऊ देल्ली. पण नाक काई सरळ झालं नाई.

तिची कथा पिपरीत कोणालेई विचारा, सांगतीन. अन् मायबाई, किती कवतिकानं सांगतीन! तिचा नवरा ओमप्रकाश मूळचा समुद्रपूरकडचा. पिपरीले आला, ऑटो घेतला, अन् सचिन आठवीत असतानी काविळीनं गेला. भाऊबंद म्हणे, ऑटो इकून टाका अन् समुद्रपूरले वापस चाला, कापूस वेचा. ती म्हणे, "ऑटो मीच चालवतो." लेआउटच्या रिकाम्या प्लाटात सकाळी सकाळी शिकली. पह्यल्याच दिवशी इटाच्या ढिगावर नेऊन घातला म्हणते. आधी कोणी बसे नाई तिच्या ऑटोत, मग बाया बसाले लागल्या, मग बिमार माणसं. ऑटोच्या मागं मोठ्या अक्षरात तिनं आपला नंबर लिहून ठेवला अन् खाली लिहिलं, "दवाखान्यासाठी रात्री कधीई." तवापासून पंधरा वर्सं झाली, बाईचा फोन रात्री बंद नाई. कोणाच्या पोटात दुखो, कोणाले विंचू डसो, कोणाची सून अडली, फोन अन्नपूर्णाबाईले.

आता आमच्या घरची रीत आयका. आमच्या घरी रात्री नऊ वाजले का फोन बंद. रात्री फोन वाजला म्हणजे कोणीतरी मेलं, एवढंच आमाले माईत. अन् मेलेला माणूस काई सकाळपर्यंत उठून जात नाई. मग कायले झोपमोड करा? मी सगळ्यायले हेच सांगो, अन् सगळे हासत.

मग लगन झाल्यावर दोन महिन्यानं सुरभी आली अन् बोलता बोलता सांगून गेली. म्हणे, "आई, त्या दिवशी रात्री मले भल्ला ताप आलता. तुले फोन लावला, तं बंद. मग आई बसल्या रात्रभर उशाशी, पट्ट्या ठेवत." ती सहज बोलली हो. पण "आई बसल्या" एवढंच माह्या कानात अडकलं. मी म्हटलं, "आई कोण वं? तुही आई मी हाव." ती हासली अन् म्हणे, "तू तं आईच हाय. पण फोन तं चालू ठेवत जाय न."

त्या दिवसापासून मी फोन चालू ठेवाले लागली. खरं सांगतो. माहा बटनाचा फोन उशाखाली घेऊन झोपो. चार महिने! एक फोन आला नाई. पोरीचा ताप, पोरीचं रुसणं, पोरीचं हासणं, सगळं तिकडंच पावून जाये. मग मले वाटलं, माय मरो अन् मावशी उरो म्हणतात, इथं तं माय जिती असून सासू उरून राह्यली. पुन्हा नऊ वाजता बटन दाबून ठेवाले लागली मी.

सुरभीले दिवस गेले. सातवा सरला तशी अन्नपूर्णाबाई म्हणे, "नलूताई, दवाखाना इथून दहा मिंटावर हाय. इथंच राहू द्या तिले." मी म्हटलं, "पह्यलं बाळंतपण माहेरीच होते. आमच्यात रीत हाय." ती म्हणे, "बरं." ओटी भरून, स्वताच्या ऑटोत बसवून, पोरीले माह्या दारात आणून सोडलं. भांडली असती तं मले बरं वाटलं असतं. आधीचे दोन महिने अन् नंतरचा सव्वा महिना, एवढंच माह्या हातात उरलं होतं. तेवढ्यात मले माही पोरगी वापस पाह्यजे होती. दुसरं काई नको होतं.

पण वापस कायची येते! दिवसभर माह्या हातचं खाये अन् रात्री साडेनऊले खाटेवर पडून फोन लावे. "आई, जेवल्या काय? आई, आज बाळानं लाथ मारली." घंटा घंटा. मी इकडं सैपाकखोलीत भांडे आपटो. सासू तिकडून बजावे, "बेटा, रात्री फोन चालू ठेवजो, मी चालूच असतो." मी चालूच असतो! जशी का ती बाई नाई, गावचा दिवा हाय.

त्यातच एक दिवस संधी चालून आली. पौषाची थंडी, आमच्या वावरात हरभरा घाट्यावर आलेला, अन् रानडुकरायचा कहर. रात्रीच्या जागलीले, राखणीले, सुरभीचे बाबा जात. पण आता रात्रभर ओरडाची गरज नाई. लोक वावरात भोंगा लावतात, त्याले मोबाईल वायरनं जोडतात अन् कुत्रे भुंकण्याची रेकॉर्डिंग लावून देतात, रात्रभर भुंकत राह्यते. एकच भानगड, मधात फोन आला का भुंकणं बंद, अन् तेवढ्यात डुकरं आत. म्हून धुऱ्याच्या, आपल्या बांधाच्या, पलीकडच्या कैलासनं सगळ्यायले शिकवून ठेवलं होतं, विमानाचं चित्र दाबून ठेवा. मग कोणाचाच फोन लागत नाई अन् कुत्रं सकाळपर्यंत थांबत नाई. आमच्या शिवारातले सगळे फोन रात्री कुत्रेच होतात, म्हणा न.

तं सुरभीच्या बाबाचा फोन ओलीत करतानी नालीत पडला अन् मेला. ते म्हणे, कोणाचा तरी मांगून आणतो. मी म्हटलं, "मांगता कायले? पोरीचा हाय न. तसंई रात्री उशाशी फोन ठेवला तं किरणं बाळाच्या डोक्यात जातात, सगळेच सांगतात." सुरभी माह्याकडं पाहत राह्यली. मग बाबासाठी तिनं फोन देऊन टाकला. देतानी म्हणे, "आई, मंग पिपरीच्या आईचा नंबर तुह्या फोनमधे टाकून ठेव. रात्री काई झालं तं?" मी म्हटलं, "टाकला, टाकला."

नव्हता टाकला. जाणूनबुजून नव्हता टाकला. माह्या फोनमधे त्या बाईचं नाव दिसलं नाई पाह्यजे, एवढंच डोक्यात होतं. ज्याचं जळते त्याले कळते.

दहा रात्री मजेत गेल्या. सुरभीचा फोन वावरात भुंके अन् सुरभी माह्याजवळ झोपे. मी तिच्या डोक्याले तेल लावो, लहानपणच्या गोष्टी सांगो. अकराव्या रात्री, बारा-साडेबाराच्या सुमाराले, तिनं माहा हात धरला. कळा सुरू झाल्या होत्या, पंधरा दिवस आधीच.

मी सरकारी गाडीले फोन लावला. गाडी दुसऱ्या बाईले घेऊन नागपूरले गेलती, म्हणे दीड घंटा तरी लागन. गावात एकच व्हॅन, ती शेगावले गेलती. सचिनची रातपाळी, कंपनीच्या गेटवरच फोन जमा करून घेतात, त्याले लावला तं वाजून वाजून बंद झाला. सुरभी दात आवळून म्हणे, "आईले लाव न, आई. त्या येतीन. नंबर हाय न तुह्याजवळ?"

मी म्हटलं, "नाई."

"टाकला म्हणत होती न तू?"

तिनं माह्याकडं जे पाह्यलं, ते मले मरेपर्यंत पुरते. तिले तो नंबर पाठ नवता. आजकाल कोणाले कोणाचा नंबर पाठ असते? नंबर होता तिच्याच फोनमधे, अन् तिचा फोन वावरात कुत्रं होऊन भुंकत होता.

शेजारच्या शकुबाईले उठवून पोरीजवळ बसवलं अन् मी पळाली. चप्पल एक घातली, एक राह्यली. काटे, ढेकळं, काई दिसे नाई. भुंकण्याच्या आवाजाच्या रोखानं पळत सुटली. पोचली तं सुरभीचे बाबा मचानावर त्या सगळ्या भुंकण्यात घोरत पडले होते. त्यायले हालवलं, फोन हातात घेतला, विमान काढलं. बटनाचा फोन वापरणारी मी, नाव सापडे नाई. सापडलं तं काय लिहिलं होतं? "आई." अन् त्याच्या खाली माहं, "आई गाव." दाबलं.

अन् मी घाईघाईत भोंग्याची वायर काढाची इसरली. एकच घंटी गेली, दुसरी जाऊ देल्ली नाई बाईनं, अन् सगळ्या शिवारात आवाज घुमला: "बोल बेटा! काय झालं? कळा सुरू झाल्या काय?"

माह्या वावरात, माह्या हरभऱ्यात, माह्या पोरीले "बेटा" म्हणून राह्यली होती ती बाई, अन् चारी धुऱ्यावरचे जागलीवाले आयकत होते. मले रडू फुटलं. मी म्हटलं, "सुरभी नाई. मी नलू."

"हां नलूताई. पाणी गेलं काय? कळ किती वेळानं येते? रडू नका, पह्यले सांगा." मी सांगितलं. ती म्हणे, "मी निघाली. तिले चालवू नका, कुशीवर निजवा. अन् आता हा फोन बंद करू नका."

पाऊण घंट्यात ऑटो दारात. पंचवीस किलोमीटर, त्या धुक्यात! मांग गादी टाकून आणली होती, पाण्याची बाटली, जुन्या लुगड्याचे मऊ धडके, सगळं. पोरीचं डोकं माह्या मांडीवर ठेवलं, सुरभीचे बाबा बाजूले घुसले, अन् ती समोर. गड्डा आला का गाडी इतकी हळू घेई का पोरीले कळेई नाई. दर थोड्या वेळानं मांग न पाहता विचारे, "बेटा, हाय न?" अन् सुरभी म्हणे, "हाय आई." माह्या मांडीवर निजून ती तिले उत्तर देत होती. त्यातई मले जळण झाली. सांगतो न, लपवून काय करू?

सकाळी साडेपाचले नात झाली. डॉक्टरीणबाई म्हणे, अजून घंटाभर उशीर झाला असता तं कठीण होतं. अन्नपूर्णाबाईनं आपल्या हातात आलेलं बाळ आधी माह्या हातात देल्लं. म्हणे, "घ्या नलूताई, तुमच्यासारखं नाक हाय." मुरडलेलं होतं काय तिचं नाक, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी वार्डात आमी दोघीच होतो. सुरभी म्हणे, "आई, तू नंबर काऊन नाई टाकला?"

खोटं बोलता आलं असतं. इसरली म्हटलं असतं तं भागलं असतं. पण तिच्या नजरेसमोर तोंड उघडलं तं खरंच निघालं. "मले जळण होये तुह्या सासूची. तू तिच्याशी बोले न रात्री, मले पाहवे नाई. फोन मीच धाडला वावरात."

सुरभीनं तोंड भितीकडं फिरवलं. दोन दिवस माह्याशी कामापुरतंच बोलली. सुटी झाली त्या दिवशी म्हणे, "मी गावी येत नाई. मी पिपरीले जातो."

झालं! सव्वा महिना गेला हातचा. मी डिंकाचे लाडू करून ठेवले होते, शेकाले शेगडी काढून ठेवली होती, बाळाची झोळी धुतली होती. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडत होती तं अन्नपूर्णाबाई बाजूले येऊन बसली. म्हणे, "नलूताई, मले बाळंतीन न्हाणता येत नाई. सचिनच्या वक्ताले माह्या आईनं सगळं केलं. तुमी चाला पिपरीले. सव्वा महिना राहा."

आता, आमच्या माणसायनं लेकीच्या सासरी पाणी पेताना इचार करावा, अन् मी तिथं सव्वा महिना पडून राहू? गावात लोक तोंडात शेण घालतीन. सुरभीचे बाबा म्हणे, "जा. लोकायचं मी पाहतो, हरभराई पाहतो." गेली मी. न जाऊन करू काय?

पिपरीच्या त्या घरात मी बाळाले न्हाऊ घालो, पोरीले तेल लावो, शेक देओ. सुरभी "हो आई, नाई आई" एवढंच बोले. पाहुण्याशी बोलते तसं. रात्री आतल्या खोलीत ती, बाळ अन् सासू. मी सपरीत, समोरच्या खोलीत. बाळ रडलं का मी उठून बसो, पण आतून अन्नपूर्णाबाईचा आवाज ये, "झोपा नलूताई, मी हाव." ती हावच! नेहमी हावच!

आठ दिवसानं एका रात्री ती बाहेर आली. खाकी सदरा घातलेला, हातात चाबी. म्हणे, "फोन आला, भाडं हाय. तुमी आत जाऊन झोपा बाळाजवळ." मी आत गेली. बाळ उठलं, मी घेतलं, जोजवलं. सुरभी अंधारात जागीच होती, तिनं कूस बदलून घेतली. दुसऱ्या रात्रीई फोन आला. तिसऱ्याई. तिसऱ्या रात्री सुरभी आपणहून म्हणे, "आई, माहे पाय दाबून दे न. भल्ले ठणकून राह्यले." मी पाय दाबले. दाबता दाबता रडली, अन् ती म्हणे, "पुरे आता. पुन्हा असं नको करजो." एवढंच. पण ती माह्या पोरीसारखं बोलली, पाहुण्यासारखं नाई.

मग मी रोज संध्याकाळी देवाले हात जोडून म्हणो, देवा, वाजू दे हिचा फोन. पडू दे पिपरीत कोणी ना कोणी बिमार. पाप लागन म्हणा, पण म्हणो. अन् रोज रात्री अकरा वाजता ती चाबी घेऊन निघे. मी खुश. मायलेकी दोन दोन वाजेपर्यंत बोलत राहो.

सातव्या रात्री मले तहान लागली. सुरभी अन् बाळ झोपले होते. मी उठून सपरीत आली, माठातलं पाणी पेली, अन् सहज खिडकीतून बाहेर पाह्यलं. गल्लीच्या कोपऱ्यावर खांबाच्या लाइटाखाली ऑटो उभा होता. मांगच्या सीटवर अन्नपूर्णाबाई पाय पोटाशी घेऊन, शाल गुंडाळून बसली होती. कोणी भाडं नाई, काई नाई. मी आठवून पाह्यलं. त्या रात्री फोन वाजलाच नवता. त्याच्या आदल्या रात्रीई नाई. त्याच्याई आदल्या रात्री मी आयकला नवता.

थंडी अशी का दात वाजून राह्यले होते माहे, घरात असून. दार उघडून हाक मारली असती तं ती आली असती. "या बाई आत" एवढंच म्हणाचं होतं. पण ती आत आली असती तं मी सपरीत गेली असती. मी तिथंच उभी राह्यली. मेली, ऑटोई हिचाच, नावई हिचंच, अन् मनई हिचंच मोठं! माह्यासाठी काई ठेवलंच नाई. मग मी खिडकी हळूच लावून घेतली अन् पोरीजवळ जाऊन झोपली.

पाच वाजता ती आली. हात थंडगार, नाक लाल. म्हणे, "लंबं भाडं होतं आज, नलूताई."

मी म्हटलं, "असन," अन् चहा ठेवला.